चूक दाखवणारं कुणीतरी

रायपूरमध्ये तेलीबांध्याच्या तलावाभोवती पहाटेपासून फिरणाऱ्या माणसांपैकी निम्मी तरी काही ना काही शिकत असतात, हे मला बँकेतून निवृत्त झाल्यावर कळलं. पाटबंधारे खात्यातले एक इंजिनिअरसाहेब कानात वायर खुपसून संस्कृत धातूंची रूपं पुटपुटत चालतात. जलविहार कॉलनीतल्या एका बाईंनी साठी उलटल्यावर हार्मोनियम घेतलं. माझी एक जुनी सहकारी स्पॅनिश शिकते, कारण मुलगी तिकडे आहे आणि नात आजीशी त्याच भाषेत बोलते. एक गृहस्थ शेअर बाजार शिकतात. शिकता शिकता अर्ध्या रायपूरला शिकवतातही, पण तो विषय वेगळा.

नव्या वर्षात वह्या येतात, ॲप येतात, उत्साह येतो. होळीपर्यंत निम्म्यांचं सुटलेलं असतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘आता वय झालं हो.’ नाहीतर ‘मनच लागत नाही.’ मला ही दोन्ही कारणं पटत नाहीत. वय तर टिकलेल्यांचंही झालेलंच आहे. आणि मन लागत नाही म्हणणारी हीच माणसं क्रिकेटवर तासन्‌तास वाद घालतात.

मला वाटतं, गोष्ट साधी आहे. शाळेत आपली चूक दाखवायला कुणीतरी पगारी माणूस असतो. लाल शाईचा आपण कितीही राग केला तरी ती शाई फुकट मिळत होती. शाळा सुटली की ती सोय संपते. मग आपलं आपण शिकणाऱ्याला पहिलं काम हे करावं लागतं की आपण चुकलो हे आपल्याला कळणार कसं, याची व्यवस्था लावायची. ज्यानं ही व्यवस्था लावली त्याचं शिकणं चालू राहतं. ज्यानं नाही लावली त्याला आपण पुढे चाललोय की जागच्या जागी आहोत हेच समजत नाही, आणि माणूस कंटाळतो.

या प्रकारच्या शिकण्याचा अभ्यासही झालेला आहे. कॅनडातल्या ॲलन टफ या प्राध्यापकांचं प्रौढांच्या शिकण्यावरचं पुस्तक १९७१ साली आलं. साधी मोठी माणसं वर्षभरात कायकाय ठरवून शिकतात, हे त्यांनी मुलाखती घेऊन विचारलं. कुणी घर दुरुस्त करायला शिकत होतं, कुणी मूल वाढवायला, कुणी नवं यंत्र चालवायला. यातलं सुमारे ७० टक्के शिकणं कुठल्याही वर्गाशिवाय, माणसानं स्वतःच आखलेलं निघालं. म्हणजे वर्गात बसून होणारं शिक्षण हा थोडका भाग. एरवी माणूस मरेपर्यंत आपलं आपण शिकतच असतो, फक्त त्याला शिक्षण म्हणायची पद्धत नाही.

रायपूरकडे या बाबतीत सांगण्यासारखं आहे. १८७७ साली कोलकात्याहून एक वकील, विश्वनाथ दत्त, कामानिमित्त इथे आले आणि कुटुंबालाही त्यांनी बोलावून घेतलं. रेल्वे तेव्हा नागपूरपर्यंतच होती. पुढचा प्रवास बैलगाडीनं, जंगलातून. थोरला मुलगा चौदा वर्षांचा. इथे त्याच्या जोगी शाळा नव्हती. त्यामुळे साधारण दोन वर्षं हा मुलगा शाळेत गेलाच नाही. वडिलांशी बोलणं, वडिलांकडे येणाऱ्या माणसांशी वाद घालणं, बुद्धिबळ, वाचन, एवढंच. १८७९ मध्ये कोलकात्याला परतल्यावर बुडालेला अभ्यास भरून काढून तो प्रवेश परीक्षा पहिल्या श्रेणीत पास झाला. हाच नरेंद्र पुढे स्वामी विवेकानंद. आमच्या बूढा तालाबचं नाव आता विवेकानंद सरोवर आहे आणि विमानतळही त्यांच्याच नावाचा. (बाहेरून आलेले पाहुणे तेलीबांध्यालाच विवेकानंद सरोवर समजून फोटो काढतात. मी आता दुरुस्त करायचं सोडलंय.)

ही गोष्ट इथे भाषणांत फार सांगतात आणि शेवटी म्हणतात की बघा, शाळेची गरज नाही. हे मला मुळीच मान्य नाही. त्या मुलाला घरात एक वकील बाप होता. मुलानं काही विधान केलं की तो त्यावर चर्चा करायचा. चूक दाखवणारा माणूस जेवणाच्या पाटावर समोर बसलेला. ज्या पोराच्या घरात तसा माणूस नाही त्याला शाळा हवीच, आणि चांगली हवी. आपलं आपण शिकणं हे शाळेनंतरचं आणि शाळेशेजारचं प्रकरण आहे. सरकारला खर्च वाचवायला ते निमित्त म्हणून द्यायचं नाही.

मला जास्त जवळचे वाटतात ते माधवराव सप्रे. महाराष्ट्रात हे नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं. हिंदीवाल्यांना मात्र ते आपले सुरुवातीच्या काळातले निबंधकार, संपादक आणि समीक्षक म्हणून माहीत असतात. हे घरात मराठी बोलणारे आहेत याचं त्यांना मोठं अप्रूप. आम्ही तात्यापाऱ्यातले लोक हे अप्रूप लहानपणापासून खिशात घालून फिरतो.

सप्र्यांचा जन्म १८७१ चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. मॅट्रिक रायपूरचं, पुढे बी.ए. म्हणजे तसे ते शिकलेले. पण त्यांनी पुढे जे केलं ते कुठल्याही कॉलेजात शिकवत नव्हते. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. स्वतः तेव्हा पेंड्र्याला राजकुमाराची शिकवणी करत होते. सोबतीला रामराव चिंचोलकर संपादनात आणि वामनराव लाखे प्रकाशनात. तीन मराठी माणसं, मासिक हिंदी, आणि ज्या भागासाठी ते काढलं तिथे छापील नियतकालिकाची सवयच नव्हती. तीन वर्षं चाललं, तोट्यात गेलं, बंद पडलं. लाखे पुढे सहकारी बँकेच्या कामात मोठे झाले. आमच्याकडचं लाखेनगर त्यांच्याच नावाचं.

पण या तीन वर्षांत काय झालं ते बघा. सप्रे त्यात नव्या हिंदी पुस्तकांची परीक्षणं लिहीत. हिंदीत परीक्षण लिहायची वाट तेव्हा मळलेली नव्हती. ज्यांच्या पुस्तकांची चिरफाड व्हायची ती मोठमोठी नावं होती, आणि ती गप्प बसणारी नव्हती. दर महिन्याला छापून यायचं आणि कुणीही उलटून बोलू शकायचं. पुढे काशीच्या नागरी प्रचारिणी सभेनं शास्त्रीय परिभाषेचा हिंदी कोश हाती घेतला तेव्हा अर्थशास्त्राचा भाग सप्र्यांकडे आला. मातृभाषा मराठी, विषय इंग्रजीतून वाचलेला, आणि शब्द पाडायचे हिंदीत. इथे तर चूक लपवायला जागाच नाही. शब्द लोकांच्या तोंडी बसला तर बसला, नाहीतर कोशात पडून राहिला.

१९०७ मध्ये त्यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला. टिळकांचे लेख हिंदीत जाऊ लागले. १९०८ च्या ऑगस्टमध्ये राजद्रोहाखाली अटक झाली. घरच्यांच्या दबावाखाली त्यांनी माफीनामा लिहून दिला आणि सुटले. तो माफीनामा त्यांना आतून खात राहिला. त्यानंतर ते वर्ध्याजवळ हनुमानगढीला रामदासी परंपरेतल्या सत्पुरुषाकडे जाऊन राहिले, माधुकरी मागून. तिथे त्यांनी दासबोध वाचला. वाचला म्हणजे नुसतं पारायण केलं असं नव्हे. त्यांनी तो सगळा हिंदीत उतरवला.

दासबोध म्हणजे २० दशक, दर दशकाचे १० समास, साडेसात हजारांवर ओव्या. आपण मराठी माणसं दासबोध वाचतो तेव्हा पुष्कळ ओव्यांवरून नुसते सरकत जातो. चाल ओळखीची असते, शब्द कानावरून गेलेले असतात, अर्थ लागल्यासारखा वाटतो. भाषांतर करणाऱ्याला असं सरकता येत नाही. जिथे समजलेलं नाही तिथे हात थांबतो. कागदावर हिंदी वाक्य उभं राहत नाही, म्हणजे मराठी ओवी कळलेली नाही, इतका सरळ हिशेब. सप्र्यांना मास्तर नव्हता, पण प्रत्येक ओवी त्यांची परीक्षा घेत होती. पुढे त्यांनी टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणलं. मूळ मराठी १९१५ ला निघालं, हिंदी लगोलग १९१६ ला. मग चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरचा ग्रंथ. टिळकांनी स्वतः ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिलं आणि त्याच तुरुंगात बसून जर्मन, फ्रेंच, पालीही शिकायला घेतली. त्यांच्याकडे निदान ती पुस्तकं होती. समोर जर्मन पान आहे आणि त्यातून अर्थ काढायचाय, ही सुद्धा परीक्षाच.

सप्रे १९२६ च्या एप्रिलमध्ये रायपुरातच वारले. १९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. एका मराठी माणसाकडे.

आता माझं सांगते. माझं शिकणं या मानानं फारच घरगुती. पण मी जे म्हणते आहे ते मला मोडी लिपीनं शिकवलं, म्हणून सांगणं भाग आहे.

आमचं घराणं भोसल्यांच्या वेळी नागपूरकडून इकडे आलं. नागपूरकरांनी १७४१ मध्ये छत्तीसगडवर चाल केली, आणि १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरात बसून इथला कारभार पाहत होते. मराठी आणि मोडी या भागात कारभारात आली ती तेव्हापासून. १८५४ ला इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. माणसं इथेच राहिली. त्यामुळे आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालात हसतात. आम्ही तळ्याला तालाब म्हणतो, ‘करून राहिलो’ म्हणतो, आणि कांदेपोहे खाताना शेजारच्या काकूंशी छत्तीसगढीत बोलतो. असो. तात्यापाऱ्यातलं जुनं घर विकून आम्ही तेलीबांध्याला फ्लॅटमध्ये आलो तेव्हा माळ्यावरून लाल कापडात बांधलेला एक रुमाल निघाला. आत पणजोबांच्या वेळचे हिशेब आणि काही पत्रं. सगळं मोडीत. माझ्या वडिलांनाही वाचता येत नव्हतं. मुलांनी सुचवलं की स्कॅन करून ठेवू. स्कॅन केलेलं न कळणारं, आणि न स्कॅन केलेलं न कळणारं, यात मला फरक दिसेना.

मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी शाळांत होती. मग गेली. हात न उचलता भराभर लिहायची ही लिपी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. दोन शब्दांत जागा नाही. विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ नाही, एकच इकार आणि एकच उकार. लांब शब्द अर्धा लिहून पुढे दोन दांड्या दिल्या की उरलेला वाचणाऱ्यानं समजून घ्यायचा. महाराष्ट्रात पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग होतात, परीक्षा होतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद वाचणाऱ्यांची वाट पाहत पडलेत, तेव्हा गरजही आहे. रायपुरात असा वर्ग मला सापडला नाही. बाराखडीचं पुस्तक मागवलं आणि बसले.

बाराखडी यायला वेळ लागत नाही. नागरी येणाऱ्या माणसाला थोड्याच आठवड्यांत सुटी अक्षरं ओळखू येतात. आणि इथेच आपलं आपण शिकणाऱ्याचा घात होतो. कारण पत्र उघडलं की चार अक्षरं ओळखीची दिसतात, मधलं मन भरतं, आणि एक छानदार वाक्य तयार होतं. घरातल्या कागदाच्या बाबतीत तर मन फारच उदार असतं. ‘जमीन’ दिसते, ‘सरकार’ दिसतं, आणि लगेच आपल्या पूर्वजांना गाव इनाम मिळालेलं असतं. असे कितीतरी इनामदार नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांत रोज जन्माला येतात.

म्हणून मी पत्रं बाजूला ठेवली आणि हिशेबाचे कागद घेतले. जन्म बँकेच्या काउंटरवर गेला. हिशेबाचा एक गुण मला माहीत होता. त्याच्या तळाशी बेरीज असते.

जुन्या हिशेबात रुपये आकड्यात आणि आणे रेघांनी लिहीत. उभी एक दांडी म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. आडवी रेघ म्हणजे एक आणा. म्हणजे ५। हे सव्वापाच रुपये. ३॥= हे तीन रुपये दहा आणे. खाली बेरीज हवी ८॥।=, आठ रुपये चौदा आणे. आता मी वरचा तीन हा दोन वाचला, किंवा आडवी रेघ शाईचा डाग समजून सोडली, तर खालची बेरीज जुळणारच नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मेलेला कारकून मला तिथल्या तिथे सांगतो, बाई, पुन्हा वाचा. बँकेत आम्हाला एक खूण ठाऊक असते. फरक ९ नं भागला जात असेल तर बहुधा कुठेतरी आकडे उलटसुलट झालेत. ७२ चे २७ लिहिले की ४५ चा फरक येतो. हीच खूण पणजोबांच्या वहीतही चालते. शिवाय गंमत अशी की शब्द तोडताना ज्या दोन दांड्या येतात त्याच दोन दांड्या आठ आणेही असतात. कुठे काय ते आसपास पाहून ठरवायचं, आणि ठरवलेलं बरोबर की नाही ते बेरीज सांगते.

आकडे पक्के झाल्यावर तारखा. जुन्या कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत येतो आणि चंद्राची तारीख ‘छ’ या अक्षरानं. पानिपतची लढाई घ्या. त्या वर्षाचा सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११६१. मृगापासून डिसेंबरपर्यंत यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. लढाई १४ जानेवारीची, म्हणून ११६१ अधिक ६००, १७६१. माहीत असलेल्या तारखेवर किल्ली लागते की नाही ते आधी पाहायचं, मगच न माहीत असलेल्या कुलुपाला हात घालायचा. जिथे शुहूर सन आणि शक दोन्ही लिहिलेत असे कागद मिळाले तर सोनंच. दोन्हीकडून एकच वर्ष निघालं पाहिजे.

पत्रं मी सर्वांत शेवटी काढली. पत्रांना तळाशी बेरीज नसते. तिथे माणूसच लागतो. नागपूर, सातारा, बडोदा अशा ठिकाणच्या मोडी वाचणाऱ्या लोकांचा आमचा एक छोटा गट आहे. कुणी निवृत्त तलाठी, कुणी औषधांच्या दुकानातला. एक नियम ठरलेला आहे. नुसतं ‘हे अमुक आहे’ म्हणायचं नाही, कशावरून ते सांगायचं. हेच अक्षर याच हातानं दुसरीकडे कुठे लिहिलंय ते दाखवायचं. हा नियम लागू झाल्यावर आमच्यातले बरेच इनामदार खालसा झाले. माझ्या रुमालातून आतापर्यंत निघालं ते असं. पणजोबा धानाची दलाली करत, एका मेहुण्यानं त्यांचे पैसे बुडवले, आणि १९०० साली सुरू झालेल्या धमतरीच्या छोट्या लाइनवरून ते माल आणू लागले. तीच नॅरोगेज, जिचं तेलीबांधा स्टेशन मी लहानपणी पाहिलं. आता ती लाइन रायपुरातून उठली आणि तिच्या जागेवरून एक्सप्रेस-वे गेला.

मोडी न शिकताही हा मुद्दा ज्यांना पाहायचाय त्यांच्यासाठी देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा हिशेब देते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५. बी.एस्सी. झालेले, पुढचं शिक्षण नाही. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक. विद्यापीठात जागा नाही, संशोधनाची पदवी नाही. फावल्या वेळात आकड्यांशी खेळ. विद्वानांनी पुष्कळ हसून घेतलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला कळलं.

चार अंकी कुठलीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. मी १८५४ घेते. अंक उतरत्या क्रमानं मांडा, ८५४१. चढत्या क्रमानं, १४५८. वजा करा, ७०८३. पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा. ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणखी एकदा केलंत तर ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ येतं आणि तिथेच राहतं. वाटेत वजाबाकी चुकली का हेही लगेच कळतं. प्रत्येक उत्तर ९ नं भाग जाणारं असलं पाहिजे, म्हणून अंकांची बेरीज ९ च्या पाढ्यात नसेल तर चुकलात. (बँकेतली खूण इथेही.) कापरेकरांना प्रयोगशाळा लागत नव्हती, गाइड लागत नव्हता. आकडे त्यांचे मास्तर होते. त्यांनी विषयच असा धरला की तो खोटं बोलू देत नाही. आणि सापडलेलं नुसतं वहीत ठेवलं नाही, परिषदांना जाऊन मांडलं, लोक हसले तरी.

याच्या उलट आताचे व्हिडिओ. मी व्हिडिओंच्या विरुद्ध नाही. पुरणपोळी फुटू नये म्हणून काय करावं ते मीही तिथेच पाहिलं. पण चांगला व्हिडिओ इतका सोपा करून सांगतो की बघताना सगळं समजतं, आणि ‘समजतंय’ हे वाटणं आणि येणं यात फार अंतर आहे. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून पान मिटलं आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर लिहून काढणारे बरेच पुढे. आमच्या इंजिनिअरसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हापासून ते कानातली वायर काढून एक फेरी नुसती आठवत मारतात, आणि दुसऱ्या फेरीत ऐकून ताडून पाहतात. मध्येच ‘अरेरे’ असं मोठ्यानं म्हणतात. पुढून येणारे लोक बाजूला होतात.

तेलीबांधा चौकात एक ई-रिक्षावाला उभा असतो. शाळा आठवीपर्यंत. त्याच्या गाडीत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या, ओळीनं जोडून ४८. वर्षभरात गाडी कमी पळू लागली. दुकानदार म्हणाला, चारही बदला. याच्याकडे तेवढे पैसे नव्हते. मोबाइलवर शोधून त्यानं एक स्वस्त मीटर विकत घेतला आणि चारही बॅटऱ्या सुट्या मोजल्या. पूर्ण चार्ज होऊन थोडा वेळ तशीच ठेवलेली चांगली बॅटरी १२.७ च्या आसपास दाखवते. तीन ठीक होत्या. एक मागे पडत होती आणि भार दिला की धाडकन खाली यायची. ओळीत एक लंगडी असली की सगळी गाडी तिच्या चालीनं चालते. त्यानं एक बदलली. नवी आणि जुन्या मिसळू नयेत हेही त्याला पुढे कळलं, म्हणून आता चारही एकाच वयाच्या मिळतील अशा बेतानं तो जुन्यातूनच निवडतो. हळूहळू चौकातले दुसरे त्याच्याकडे येऊ लागले. आता दुपारी, सवारी नसताना, तो गुरुद्वाऱ्याच्या बाजूच्या सावलीत मीटर घेऊन बसलेला असतो. मी विचारलं, व्हिडिओतला माणूस चुकीचं सांगत असला तर? तो म्हणाला, “आंटी, ओहर लबारी मार सकत हे, गाड़ी नइ मारय.” तो खोटं बोलू शकतो, गाडी नाही.

सध्या मात्र तो अडला आहे. नव्या रिक्षांत लिथियमच्या बॅटऱ्या येऊ लागल्यात. एकच बंद पेटी, आत कितीतरी सेल, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारं एक सर्किट. बाहेर दोनच टोकं. जुन्यासारखं एकेक सुटं मोजायची सोय नाही, आणि पेटी उघडणं धोक्याचं. त्याचा मीटर एकच आकडा दाखवतो आणि तो सगळ्या पेटीचा असतो. काही कंपन्यांच्या पेट्या ब्लूटूथनं मोबाइलवर प्रत्येक सेलचा व्होल्टेज दाखवतात असं त्यानं ऐकलंय. पण ते ॲप इंग्रजीत आहे. परवा तो मला विचारत होता, दुपारी तासभर वेळ आहे का. मी म्हटलं आहे, पण इंग्रजी मी वाचून दाखवीन, बॅटरीतलं मला काही कळत नाही. तो म्हणाला, चालेल, तुम्ही वाचा, आकडा पटतो की नाही ते मी गाडी चालवून बघतो.